अर्ध्या वावराचं पाणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी पडून गेलेला पाऊस पुन्हा फिरकलाच नव्हता. भादवा अर्धा सरला, तरी आभाळ पुसून ठेवल्यासारखं कोरडं होतं. बनाबाई सकाळी मेंढरांचा वाडा झाडून झाला की आधी विहिरीवर जायची आणि काठावर हात टेकून ओणवी व्हायची. कपारीतले पारवे फडफडत वर निघायचे. खाली पाणी होतं, पण तिचं डोकं आणि दोन खांदे मावतील एवढंच.

विहिरीच्या खालच्या अंगाला, जवळा बाजारच्या सडकेला लागून तिचं वावर होतं. यंदा त्या वावरात तीन जातींचा कापूस उभा होता. एक बाजारातलं संकरित वाण, उंच वाढणारं, रुंद पानाचं. दुसरं सरळ वाण, ज्याचं बी घरी राखून पुन्हा पेरता येतं तसलं, बुटकं, दाट लावलेलं. तिसरं देशी, बारीक फाटलेल्या पानांचं, तिच्या सासऱ्याच्या तरुणपणी इकडं सगळीकडं असायचं तसलं. तिन्हींच्या ओळी मधोमध एक बांध घालून तोडल्या होत्या. सडकेकडच्या अर्ध्या भागाला ठरल्या दिवशी पाणी द्यायचं. आतल्या अर्ध्याला एक थेंबही नाही. तिथल्या झाडांनी वरून पडेल त्यावर जगायचं. कोणती जात किती तग धरते ते बघायचं होतं विद्यापीठातल्या लोकांना.

वावर दिलं होतं बनाबाईच्या नवऱ्यानं, संपतरावानं. उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत बैठक झाली, विद्यापीठातल्या साहेबानं विचारलं, कोण देतो जागा? गावातले मोठे बागायतदार खाली बघत बसले. मागं दाराशी बसलेल्या संपतरावानं हात वर केला. जन्मभर मेंढरं वळलेला माणूस. शेतीतलं त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. साहेब उठून त्याच्यापाशी आले, त्याचा हात हातात घेतला. पेरणीनंतर सडकेच्या कडेला एक पाटी लागली, तिच्यावर संपतरावाचं नाव होतं. जाता-येता तो पाटीवरची धूळ खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायचा. पुसताना कुणी बघितलं तर टॉवेल झटकल्यासारखं करायचा.

दर आठवड्याला रागिणी यायची. वसमतकडच्या हळदीवाल्या घरातली पोरगी, विद्यापीठात पुढचं शिकत होती आणि हा प्रयोग तिच्याच शिक्षणाचा होता. पहिल्या एसटीनं उतरायची, ओढणी डोक्याला बांधून ओळींत शिरायची, गळून पडलेले पाते, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, वेचून मोजायची, पानं हातात धरून बघायची आणि मोबाइलमध्ये टिपून घ्यायची. दुपारी बांधावर बसून बनाबाईनं दिलेली भाकर खायची. ठेचा झेपायचा नाही, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी मागून घ्यायची.

"मावशी, हा आठवडा लई महत्त्वाचा आहे," त्या दिवशी ती म्हणाली. "फुलं धरलीत. आत्ता पाणी मिळालं तर काय होतं अन् नाही मिळालं तर काय होतं, तेच बघायचं आहे."

"हिरीत पाणी कुठं हाय बाई?" बनाबाई म्हणाली.

संपतराव खुरपं घासत बसला होता. त्यानं मान वर केली. "हाय, हाय. पाळी चुकनार न्हाई. म्या बोललो हाय सायबापाशी."

पण पाळीचा, कापसाला पाणी द्यायच्या त्या दिवसाचा, अर्थ बनाबाईला ठाऊक होता. एकदा सऱ्या भिजवल्या की विहिरीचा तळ उघडा पडायचा. बेडकं चिखलात बसलेली वरून दिसायची. मग पुन्हा झरे लागून पाणी साचेपर्यंत मेंढरांना हौदात ओतायलाही काही उरायचं नाही. ओढा आटून गेला होता. त्या दिवसांत कळप हाकत टेकडीपलीकडच्या पाझर तलावावर न्यावा लागायचा आणि तिथंही आता मधल्या खड्ड्यातच पाणी होतं. निम्म्याहून जास्त मेंढ्या गाभण होत्या. दिवाळीनंतर वेतं व्हायची होती.

बाजाराच्या दिवशी संपतराव जवळा बाजारला गेला. हॉटेलात चहा घेताना शेजारचा तातेराव भेटला. त्याचं वावर यांच्या वावराला लागून होतं, आणि त्याचा कापूस सबंधच सुकत चालला होता.

"काय संपतराव," तातेराव चारचौघांत म्हणाला, "अर्धं वावर पाजून राहिले, अर्धं मारून राहिले. हा कोन्या देवाचा नवस हाय?"

बाकडी हसली. तेव्हापासून त्याला 'अर्ध्या वावराचा' हे नाव पडलं. घरी येऊन त्यानं बनाबाईला हे सांगितलं नाही. तिला ते हातपंपावर बायकांकडून कळलं.

पाळीचा दिवस आला. लाईट दुपारी येणार होती, म्हणून संपतराव मोटरीपाशी थांबला आणि बनाबाई एकटीच कळप घेऊन तलावाकडं निघाली. ऊन असं होतं की सडकेचं डांबर चपलेला चिकटत होतं. तिनं मेंढरं कडेच्या कुसळांतून घातली. टेकडी चढताना कळप एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून चालत होता, सावलीसाठी. काळ्या तोंडाची एक जुनी मेंढी सारखी मागं पडत होती. बनाबाई तिला काठीनं हळू ढोसत होती, तोंडानं चुचकारत होती.

तलावावर खड्ड्याभोवती चिखल होता. पुढं गेलेल्या दोन मेंढ्या पोटापर्यंत रुतल्या. तिनं लुगडं वर खोचलं, चिखलात उतरली, कानाला आणि शेपटाला धरून एकेकीला ओढून काढलं. पाणी गढूळ होतं आणि ऊनऊन होतं. मेंढरांनी नाकं फेंदारली, पण प्याली.

परतताना काळतोंडी एका पळसाखाली बसली ती उठेना. बनाबाई तिच्याजवळ गेली तेव्हा तिला कळलं. मेंढी दात खात होती, मागचे पाय ताणत होती. बनाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळानं गाभ पडला. अंगावर लोकरसुद्धा आली नव्हती. कोकराचं तोंड मात्र आईसारखंच गडद झालेलं दिसत होतं. बनाबाईनं काठीच्या टोकानं माती उकरली, ते पुरलं, वर दगड ठेवला कुत्र्यांनी काढू नये म्हणून. मग मेंढीला खांद्यावर घेतलं. टेकडी उतरेपर्यंत तिची कंबर मोडून आली.

गावाजवळ आल्यावर मोटरीचा आवाज आला. मेंढरांनी माना वर केल्या. पाण्याचा वास लागला असेल. सगळा कळप एकदम वावराकडं सुटला. संपतराव फावड्यानं एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत वळवत होता. तो फावडं टाकून काठी घेऊन धावला.

"हाल्, हाल्... परत फिरव त्यायला. कापसात शिरतील."

पुढची मेंढी सरीच्या तोंडाशी पोचली होती. तिनं चिखलाला जीभ लावली. त्यानं तिच्या तोंडावर काठी हाणली. ती मागं सरली आणि उभी राहिली, तशीच, जीभ बाहेर.

बनाबाई तोवर येऊन पोचली. तिनं खांद्यावरची मेंढी खाली ठेवली. तिच्या लुगड्यावरचा डाग संपतरावाला दिसला.

"काय झालं?"

"काळतोंडीनं गाभ टाकला."

तो मेंढीकडं बघत राहिला. मग सरीकडं बघितलं. पाणी वाहतच होतं.

"अजून दोन सऱ्या राहिल्या," तो म्हणाला, आणि फावडं उचलून आत गेला.

बनाबाईला त्या दिवशी रडू आलं नाही. घरी जाऊन तिनं मेंढीला गुळाचं पाणी पाजलं, भाकरी थापल्या, त्याला वाढलं. दोन-तीनदा तो काहीतरी बोलणार असं वाटलं; पण तो आपला मीठ मागून घ्यायचा.

पुढची पाळी येईपर्यंत ऊन तसंच राहिलं. विहिरीत पाणी साचलं, पण मागच्यापेक्षा कमी. पाळीच्या दिवशी लाईट सकाळीच आली. संपतराव मोटर चालू करून फावडं घेऊन वावरात गेला आणि पाण्याची वाट बघत उभा राहिला. पाणी येईना. तो वर विहिरीपाशी आला तर बनाबाईनं मोटरीच्या नळीचं तोंड पाटातून काढून हौदात टाकलं होतं. हौद भरत आला होता. कळप हौदाला चिकटला होता. तातेरावाची दोन गुरंही येऊन उभी होती.

"काय करून राहिली तू?"

"पाजून राहिले."

"आज पाळी हाय."

"हाय ना. मेंढरांची हाय." ती मोटरीपाशी गेली आणि बटण दाबून मोटर बंद केली. "हौद भरला. बाकीचं हिरीतच राहू द्या. वेतं होईस्तोवर हे पाणी तोंडाला लागल. कापसाला आता न्हाई."

"शिवाची माय, म्या शबुद दिला हाय. चार मानसांत दिला हाय."

"शबुद तुमी दिला. मेंढ्यायनं न्हाई दिला."

संपतरावाचा हात बटणाकडं गेला. बनाबाई तिथंच उभी होती, मोटरीच्या पेटीला पाठ लावून. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांचा पोरगा शिवहार पुण्याला कंपनीत लागून बाप झाला, पण ती अशी कधी त्याच्या वाटेत उभी राहिली नव्हती. त्यानं हात खाली घेतला. तातेराव गुरांमागं उभा राहून हे बघत होता. त्यानं नजर दुसरीकडं वळवली.

"मंग त्या पोरीला तूच सांग," संपतराव म्हणाला. "माझ्यानं तोंड दाखवनं व्हनार न्हाई."

ज्या दिवशी रागिणी यायची होती त्या दिवशी तो पहाटेच कळप घेऊन लांब निघून गेला.

रागिणी ओळींत शिरली आणि लगेच बाहेर आली. वाकून तिनं सरीतली माती चिमटीत घेतली. भुगा झाला.

"मावशी, पाणी दिलं नाही का?"

बनाबाईनं सगळं सांगितलं. तलाव, पळस, काळतोंडी, हौद. नवऱ्याचं नाव मधे येऊ दिलं नाही. नळी मीच काढली म्हणाली.

रागिणी बांधावर बसली. डोक्याची ओढणी सोडली, पुन्हा बांधली. "दुसऱ्या गावात पण हाच प्रयोग होता माझा. तिथं रानडुकरांनी सगळं उलथून टाकलं. आता हे एकच राहिलं होतं."

"मंग आता?"

"आता काय. परत पुढच्या वर्षी पेरावं लागेल. घरचे म्हणत होते यंदा संपव, पोरगं बघून ठेवलंय." ती थोडं थांबली. "तुम्ही मला फोन करायचा होता मावशी."

"केला असता तर तू काय म्हनली असती?"

समोर हौदाच्या काठावर, घरीच मागं ठेवलेली काळतोंडी अंग घासत होती.

"पाणी द्या म्हणले असते," रागिणी म्हणाली.

"म्हनूनच न्हाई केला."

मग रागिणी उठली, आणि बनाबाईला वाटलं आता ही सडकेला जाऊन गाडी धरणार. पण ती पुन्हा ओळींत शिरली आणि गळलेले पाते मोजू लागली. बनाबाईनं तिच्याबरोबर वाकून वेचायला घेतलं.

"कशाला मोजती आता?"

"माहीत नाही. पण झाडं तर अजून उभी आहेत ना."

नंतरच्या आठवड्यांत जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बांधाच्या आतली झाडं, ज्यांना पाणी कधी मिळालंच नव्हतं, ती खुरटी होती, पानं लहान होती, पण दुपारी माना टाकून सकाळी परत ताठ व्हायची. सडकेकडची, आजवर पाळीवर प्यालेली, त्यांनी मात्र हायच खाल्ली. सगळ्यांत आधी संकरित. त्याची मोठाली पानं दुपारी लोंबायची ती सकाळीसुद्धा लोंबतच असायची. पाते इतके गळले की सरीत पायाखाली चटई अंथरल्यासारखे झाले. हिरवी बोंडं तशीच आकसून वाळली. देशीच्या सडकेकडच्या ओळींनी खालची पानं टाकली, बाकी धरून ठेवलं. सरळ वाणाची बोंडं लवकर लागलेली होती; ती पाणी तुटायच्या आधीच भरत आली होती, म्हणून वाचली. वरची गेली.

आणि हे सगळं सडकेला, पाटीच्या मागं. येणारी-जाणारी माणसं गाडी हळू करून बघायची. बनाबाई खुरपायला गेली की त्या लोंबत्या पानांकडं बघवायचं नाही. ओळींमधून जाताना ती पदर आवरून जायची, कुणाच्या अंगाला लागू नये तशी. हौद भरताना एकदा तिनं कळशीभर पाणी उचललं आणि सरीपर्यंत नेलं. मग तिथंच उभी राहिली. एका झाडाला ओतून काय होणार होतं. कळशी तिनं परत आणून हौदात रिकामी केली.

संपतरावानं एका सकाळी पाटी उपटली आणि गोठ्यात भिंतीला उलटी लावून ठेवली.

त्याच आठवड्यात रागिणी आली तेव्हा तो घरी होता. आत जाऊ की बाहेर, असं त्याचं झालं. तिनंच हाक मारली.

"काका, कुदळ आहे का? थोडी झाडं मुळासकट काढायची आहेत. माझ्यानं होणार नाही."

काम सांगितल्यावर त्याला बरं वाटलं असावं. त्यानं कुदळ घेतली. संकरिताचं पाणी प्यालेलं एक झाड त्यानं भोवतीनं खणलं. दोन-तीन घावांतच ते सैल झालं आणि हातात आलं. मुळं आडवी पसरलेली, वरच्यावर, विस्कटलेल्या केसांसारखी. मग त्याच जातीचं आतलं झाड घेतलं. ते निघेना. जमीन दगडासारखी झालेली. तो घामानं भिजला, सदरा काढून बांधावर टाकला, गुडघ्यावर बसून हातानं माती काढू लागला. मूळ खालीच चाललं होतं. शेवटी मुरमात घुसलेलं टोक तुटलं.

त्यानं दोन्ही झाडं शेजारी शेजारी मातीत आडवी ठेवली.

"असं काहून?" त्यानं विचारलं.

"इकडच्याला पाणी वरच मिळत होतं काका. त्याला खाली जायची गरजच पडली नाही. अन् मग एकदम तुटलं." रागिणी मुळाची लांबी टेपनं मोजत होती. "तिकडचं सुरुवातीपासून शोधत गेलं."

देशीचं झाड तर त्याला पुरतं काढताच आलं नाही. कमरेइतका खड्डा झाला तरी मूळ खाली होतंच. त्यानं कुदळ टेकवली आणि खड्ड्यातच उभा राहून धापा टाकू लागला. बनाबाईनं वरून तांब्या दिला. प्यायला, उरलेलं तोंडावर मारलं.

"म्हंजी," तो हळू म्हणाला, "म्या ज्यायला जपलं तीच मेली."

"तुम्ही नाही मारली. पाणी नव्हतं," रागिणी म्हणाली. "अन् काका, हे बघायला मिळालं नसतं पाळी चालू राहिली असती तर. सरांना फोटो पाठवते. ते म्हणाले, जसं घडलं तसं लिही. डिग्रीला ते पुरायचं नाही, पण लिही."

संपतरावानं मान हलवली. त्यानं बनाबाईकडं बघितलं नाही. पण वर यायला हात पुढं केला, आणि तिनं तो धरून त्याला खड्ड्यातून ओढलं.

दिवाळी झाली, वेतं सुरू झाली. काळतोंडी रिकामीच फिरत होती, दुसऱ्यांच्या कोकरांना हुंगत. त्याच सुमाराला कापूस फुटला. संकरिताच्या बाहेरच्या ओळींत जे होतं ते एका ओटीत मावलं. सरळ वाणाचं बऱ्यापैकी निघालं. देशीची झाडं मात्र वरपासून खालपर्यंत पांढरी झाली होती, पाणी प्यालेली काय न् न प्यालेली काय, सारखीच. लांबून बघणाऱ्याला वाटावं, केवढं पिकलं. पण बोंड सुपारीएवढं, आणि हाताला लागायचा तो बोटभर कापूस.

मालनबाई गावातल्या बायकांची टोळी घेऊन वेचणीला जायची. ती येऊन एक ओळ फिरली आणि पदरानं हात पुसला.

"बना, राग नगं धरू. किलोवर वेचतो आमी. दिसभर वाकून ओटी भरत न्हाई याच्यात. दुसऱ्याच्या वावरात मोठी बोंडं हायत."

"जा बाई. खरं हाय तुझं."

तेव्हा नवराबायकोच वेचायला लागली. सकाळी कोकरं आयांना लावून यायचं आणि ऊन डोक्यावर येईस्तोवर वेचायचं. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी नखाजवळची कातडी फाटायची. संपतरावाला वेचायची सवय नव्हती. त्याच्या ओटीत पाचोळाच जास्त यायचा आणि बनाबाई न बोलता तो निवडून टाकायची. एकदा त्याला ते दिसलं. मग तो सावकाश, एकेक बोंड बघून वेचू लागला.

वजनाच्या दिवशी रागिणी काटा घेऊन आली. प्रत्येक जातीचं, प्रत्येक अर्ध्याचं वेगळं गाठोडं. देशी सगळ्यांत वर निघालं. न प्यालेलं सरळ वाण त्याच्या खालोखाल. पण पोटभर म्हणावं असं कशाचंच नव्हतं. तातेराव बांधावर येऊन उभा राहिला होता. त्याच्या वावरात तेवढंही नव्हतं. त्यानं देशीच्या गाठोड्यात हात घातला, थोडी सरकी दाबून बघितली. "याचं बी देता का?" एवढंच विचारलं. संपतराव म्हणाला, "ने."

काम आटोपल्यावर रागिणीची वाळलेल्या झाडांची पोती उचलून संपतराव तिला एसटीपर्यंत सोडायला गेला. बनाबाई मागून फुटलेली बोंडं वेचत राहिली. सडकेवर दोघं उभी दिसत होती. पोरगी काहीतरी विचारत होती. संपतराव डोक्यावरचं पोतं उतरून ठेवून ऐकत होता. मग त्यानं वावराकडं हात केला. एसटी आली, धूळ उडाली, पोरगी गेली.

तो परत आला, ओटी बांधली आणि तिच्या शेजारच्या ओळीला लागला.

"काय म्हनत होती?" बनाबाईनं विचारलं.

"पुढच्या साली परत पेरायचं म्हनती. वावर देता का, इचारत होती."

"मंग?"

त्यानं एक बोंड वेचलं, त्याला चिकटलेलं पान काढून फुंकून टाकलं.

"म्या म्हनलं, वावर माझं हाय, घेऊन टाक. पन पाण्याचं काही माझ्याकडं न्हाई. ते तिला इचार."

बनाबाईचे हात थांबले. तो पुढं सरकला होता, पाठमोरा, वाकलेला. वाड्याकडून कोकरं ओरडायला लागली होती, पाजायची वेळ झाली होती. तिनं ओटीची गाठ सोडली, आपला कापूस त्याच्या गाठोड्यात ओतला आणि हौदाकडं चालू लागली.